बर्फात ग्रिप हवी, मग कॉइलओव्हर घेऊ का?

प्रेषक: अ., लाव्हाल

नमस्कार मंडळी,
परवा हळदीकुंकवाहून परतताना इथे कॅनडात, मॉन्ट्रियलजवळच्या १५ नंबर हायवेच्या रॅम्पवर गाडीचा मागचा भाग भसकन बाहेर गेला. वेग जेमतेम ४०. बायको आणि तिळगुळाचा डबा दोन्ही सुखरूप, पण बोलणी अजून खातोय. विंटर टायर चारही आहेत, गेल्याच वर्षीचे. उन्हाळ्यात मात्र गाडी ३५ मिमी खाली घेतली होती आणि मागे जाड अँटी-रोल बार (वळणात गाडी कलू नये म्हणून डावं-उजवं चाक जोडणारा दांडा) टाकला होता. कोरड्या रस्त्यावर वळणात तसूभर कलत नाही! आता कॉइलओव्हर (स्प्रिंग आणि धक्के शोषणारा शॉक एकत्र असलेले, बहुधा कडक स्प्रिंगचे, उंची बदलता येणारे संच) घ्यावेत म्हणतो. बर्फात ग्रिप वाढेल ना?

प्रेषक: काका, ब्रोसार

कार्ड खिशातच ठेव, बाबा. ग्रिप असते टायरच्या रबरात. सस्पेन्शनने फक्त ते रबर रस्त्याला टेकवून ठेवायचं आणि चाकांवरचा भार होईल तितका सारखा वाटायचा. टायरवरचा भार दुप्पट झाला तरी पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच वाढते. म्हणून वळणात आतल्या चाकाचा भार बाहेरच्यावर गेला की त्या जोडीची (पुढच्या किंवा मागच्या दोन चाकांची) एकूण पकड घटते. तुझा जाड बार मागच्या जोडीचं नेमकं हेच करतो. कोरड्यात त्यामुळेच गाडी चटकन वळते, आणि बर्फात त्यामुळेच शेपूट आधी सुटतं.

त्यात त्या रॅम्पवर चिखल-बर्फ गोठून चाकोऱ्या झालेल्या असतात. मऊ स्प्रिंगवरचं चाक खाचेत उतरतं, उंचवट्यावर चढतं. कडक स्प्रिंगवरचं उडतं, आणि उडालेल्या चाकाला टायर कितीही महागाचा असो, काय उपयोग? बारने तर डावं-उजवं एकमेकांना बांधलेलं, एक उचललं की दुसऱ्यालाही ओढणार. उणे २० ला शॉकमधलं तेल घट्ट होतं, ते वेगळंच. रॅलीवाले बर्फावर सेटिंग मऊ करतात, टायर अरुंद घेतात, ते काय हौस म्हणून?

मूळ बार परत लाव. शॉक गळत असतील तर गाडीच्या मूळ मापाचे नवे टाक, तो खर्च मला पटतो. आणि १८ इंची रिम असतील तर पुढच्या हिवाळ्याला १६ इंची लोखंडी बघ. २२५/४० आर१८ (रुंदी मिमीत, भिंतीची उंची रुंदीच्या टक्क्यांत, रिम इंचात) च्या जागी २०५/५५ आर१६ घेतलास तर बाहेरचा व्यास जवळपास तोच राहतो, पण टायरची उंच भिंतच स्प्रिंगसारखी दबते. ब्रेकचा कॅलिपर आत मावतो का ते आधी तपास. इथले लोक रस्त्यातल्या खड्ड्याला फ्रेंचमध्ये 'कोंबडीचं घरटं' म्हणतात. चपट्या टायरचं त्यात काय होतं ते मार्चमध्ये बघशीलच.

प्रेषक: स. वहिनी, मॉन्ट्रियल

भाऊजी, मध्येच विचारते. आमचं पार्किंग तळघरात, २० अंश उबदार. तिथे टायरची हवा ३२ पीएसआय (दाबाचं माप) दाखवते, बाहेर उणे १५ मध्ये निघालं की थोड्या वेळाने हवा कमी असल्याचा पिवळा दिवा. पंक्चर का?

प्रेषक: काका, ब्रोसार

नाही वहिनी. साधारण ५-६ अंश उतरले की १ पीएसआय कमी होतो. तुमचा फरक ३५ अंशांचा, म्हणजे सहाएक गेलेच. गाडी रात्रभर बाहेर ठेवून सकाळी, चालवण्याआधी, दारावरच्या स्टिकरवर लिहिलेली हवा भरा. तळघरात मग काटा जास्त दाखवेल, तो बघून हवा सोडू नका.

प्रेषक: अ., लाव्हाल

काका, आज गाडी जॅकवर घेतली. मागच्या दोन्ही टायरची आतली कड बाहेरच्यापेक्षा २ मिमी जास्त खाल्लेली. गाडी खाली घेतल्यावर अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) करायची राहिलीच होती. चाकाच्या कमानीत गोठलेला काळा बर्फ इतका, की स्क्रू-ड्रायव्हरने खरवडला. स्प्रिंग दबायला जागा आधीच कमी, त्यात हे.
मूळ बार सापडला, गणपतीच्या मखराच्या मागे. शनिवारी बदलतो. १४ चा पाना कोणाकडे आहे का? माझा आत्ताच बर्फात पडला, आता एप्रिलमध्येच भेटेल.