मारुतीचा सिल्की सिल्व्हर १/२४ च्या मॉडेलवर: कंपनीचा रंग कसा जुळवायचा?

छोटी_गाडी (दारव्हा)

नमस्कार मंडळी. स्विफ्टचं १/२४ चं (खऱ्या गाडीच्या चोविसाव्या भागाएवढं) प्लास्टिक किट आहे. त्याला मारुतीचा सिल्की सिल्व्हरच द्यायचा आहे, खेळण्यावरचा चांदी रंग नको. एअरब्रश ०.३ नोझलचा, कॉम्प्रेसर छोटा. परदेशात गाडीच्या कोडप्रमाणे मॉडेलचे रंग बनवून मिळतात, पण ज्वालाग्राही माल म्हणून कुरिअरवाले विमानानं आणत नाहीत. यवतमाळ-अमरावतीच्या गाडीरंगाच्या दुकानातून करून घेतला तर किती घ्यावा लागेल? कोड कुठे पाहायचा? आणि तो रंग प्लास्टिकवर चालतो का?

रंगारी_वणी

भाऊ, सिल्की सिल्व्हरचा कोड झेड२एस. दुसरा कोणता रंग असेल तर त्या गाडीच्या बॉनेटखालची पाटी किंवा दाराच्या खांबावरचं स्टिकर पाहा. चेसिस नंबरवरून दुकानदाराला रंग कळत नाही, कोडच लागतो.

कलर मिक्सिंगच्या दुकानात "झेड२एस, सॉल्व्हंट बेसकोट, वनके" एवढं सांगा. बेसकोट म्हणजे वरच्या पारदर्शक क्लिअरखालचा रंगाचा थर, वनके म्हणजे हार्डनर न मिसळता मारायचा. पाण्यात मिसळणारा बेसकोट घेऊ नका, त्याला वेगळा थिनर लागतो आणि छोट्या एअरब्रशात तो त्रास देतो. रंग वजनकाट्यावर मोजून बनतो. अगदी थोडा बनवला तर एखादा टोनर (मिसळायचा मूळ रंग) थेंबभर जास्त पडला तरी छटा हलते, म्हणून १०० मिलीच्या खाली बहुतेक दुकानदार हात लावत नाहीत. १/२४ च्या बॉडीला पातळ केलेला १०-१५ मिली बेसकोट पुरतो, म्हणजे एका डब्यात दहा-बारा गाड्या आरामात.

आता महत्त्वाचं. एकाच कोडचे दोन-चार व्हेरिएंट (किंचित वेगळ्या छटा) असतात, कारण कारखान्यातून निघालेल्या गाड्याही तंतोतंत सारख्या नसतात. दुकानात रंगपट्ट्यांचं पुस्तक असतं. ते दुकानाबाहेर उन्हात आणून पाहा, ट्यूबलाइटखाली नाही. पट्टी सरळ पाहा, मग तिरकी धरून पाहा. जो व्हेरिएंट बारीक दाण्याचा दिसेल तो घ्या.

कारण असं की खऱ्या रंगातली अॅल्युमिनियमची चकती समजा २० मायक्रॉनची आहे. १/२४ च्या गाडीवर ती अर्ध्या मिलिमीटरची असल्यासारखी दिसते. छटा शंभर टक्के जुळते, तरी गाडीवर चमकी शिंपडल्यासारखं वाटतं. सुपीरिअर व्हाइट, म्हणजे २६यू, असता तर ही भानगडच नव्हती. सॉलिड, म्हणजे चकत्या नसलेल्या, रंगात कोड सांगा अन् घरी या.

पुसद_एअरब्रश

वरचं सगळं बरोबर, पण सिल्व्हरसाठी मी दुकानाचा रंग फक्त नमुना म्हणून वापरीन. बॉडीवर टामिया या मॉडेल कंपनीचा एलपी-११ सिल्व्हर लॅकर मारायचा. तो मॉडेलसाठीच बनवलेला असल्यामुळे दाणा बारीक असतो. छटा जुळवायला त्याच लॅकरमधला निळा आणि काळा काडीच्या टोकानं घालत जायचं. १० मिलीच्या बाटलीत एकेक थेंबसुद्धा जास्त होतो.

"छोट्या वस्तूवर रंग गडद दिसतो, म्हणून पाच-दहा टक्के पांढरा घाला" असा सल्ला कुणी देईल. लाल-निळ्या सॉलिड रंगात ठीक आहे. मेटॅलिकमध्ये पांढरा गेला की चकत्यांची चमक मरते, तिरक्या कोनातून रंग दुधाळ होतो. उजळ करायचाच असेल तर बारीक सिल्व्हरच वाढवा.

प्लास्टिकचं म्हणाल तर किट पॉलिस्टायरीनचं आहे. गाडीरंगाचा थिनर त्याला खातो, बारीक भेगा पडतात. दारांच्या कडा आणि जिथे साचा पातळ आहे तिथे आधी. म्हणून सर्फेसर १५०० (रंगाआधीचा प्रायमर) चे दोन-तीन कोरडे हलके हात, रात्रभर वाळू द्या, २००० च्या वॉटर पेपरनं पाण्यात घासा. पेपर प्लास्टिकपर्यंत पोचला की तिथे पुन्हा सर्फेसर, नाहीतर तेवढाच डाग उमटतो. बेसकोट एकास एक ते एकास दीड थिनर, दाब २० पीएसआयच्या आसपास. पहिले दोन हात नुसती धूळ बसल्यासारखे. ओला हात एकदम मारला की सर्फेसर असूनही खालचं प्लास्टिक खातो.

चाचणी पांढऱ्या चमच्यावर करतात, ती छटेपुरतीच. पुष्कळ चमचे पॉलिप्रॉपिलीनचे असतात, त्यांना थिनर काही करत नाही आणि माणूस निर्धास्त होतो. किटच्याच उरलेल्या फ्रेमच्या तुकड्यावर मारून पाहा.

टिनशेड (पांढरकवडा)

राजेहो, रंग जुळला तरी आपल्या हवेचं पाहा लागते. मे महिन्यात दुपारी मारान तं रंग बॉडीवर पोचाच्या आधीच वाळते, हात फिरवला का रेतमाल पेपर. सकाळी सहा-सातले मारा नाईतं स्लो, म्हणजे हळू उडणारा, थिनर घ्या. पावसाळ्यात उलटं होते. थिनर उडताना बॉडी थंड पडते, हवेतलं पाणी तिच्यावर बसते अन् रंगावर पांढुरका पडदा येते. त्या दिवशी रिटार्डर (वाळणं लांबवणारं द्रव) टाका, नाईतं कामच करू नोका.

दिवाळीनंतर जिनिंगवाल्या गावात हवेत कापसाचं तूस असते. खोलीत सडा मारा, पंखा बंद, अन् रंगवलेल्या बॉडीवर टोपली पालथी घाला. वाळवाले टिनाखाली ठेवू नोका, गाडीचं छत वाकडं होऊन जाते.

छोटी_गाडी (दारव्हा)

सगळ्यांचे आभार. क्लिअर कोणतं घेऊ? गावातल्या डेंटिंग-पेंटिंगवाल्या दादांकडे टूकेचं (हार्डनर मिसळायचं) आहे, ते गननं मारून देतो म्हणतात.

रंगारी_वणी

त्यांच्या गनचं नोझल १.३-१.४ चं. बोनेटवर ठीक, १/२४ वर एका हातात दारांच्या फटी बुजतात. क्लिअर त्यांच्याकडून घ्या, मारा तुमच्याच एअरब्रशनं. हार्डनरचं प्रमाण डब्यावर लिहिलेलं असेल तेच, अंदाजानं नाही. जास्त थिनर टाकला की कडांवरून ओघळतो. काम झाल्याबरोबर एअरब्रश धुवा. टूके आत बसलं की कोणताच थिनर त्याला सोडवत नाही.

आणि हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. रुमाल किंवा कापडी मास्क त्याला काहीच अडवत नाही. कार्ट्रिजचा मास्क नसेल तर टूके सोडा, वनके लॅकर क्लिअर मारा. चमक थोडी कमी येईल, ती आठवडाभरानं पॉलिशनं काढता येते. क्लिअर मारायच्या आधी सिल्व्हरला पेपर लावू नका, चकत्या कापल्या जाऊन काळपट रेघा राहतात. डेकल (किटमधली चिकटवायची चित्रं-अक्षरं) मात्र क्लिअरच्या पहिल्या थरानंतर, बेसकोटवर थेट नाही.