हिराबाईंवर एकपात्री लिहिलंय, वाचताना रंगतं पण तालमीत बसत नाही

रंगवेल

प्रायोगिक नाटकांत बरीच वर्षं काम करतेय. मधूनमधून मालिकेत कुणाची नणंद, कुणाची वकीलबाई होते, त्यावर घर चालतं. गेलं वर्ष मात्र हिराबाई पेडणेकरांनी खाल्लं. त्यांच्यावर एकपात्री लिहिलंय.

नाव नवं असेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. जन्म 1885 चा, सावंतवाडीकडचा, कलावंतिणीच्या घरातला. 'जयद्रथ विडंबन' हे पहिलं नाटक 1904 चं. मग 'संगीत दामिनी', ते ललितकलादर्शसारख्या कंपनीने रंगमंचावर आणलं. स्टेजवर बाईची कामं पुरुष करत होते, त्या काळात एक बाई नाटक लिहिते आणि नावाजलेली कंपनी ते उचलते, हे मला अजून पचत नाही इतकं मोठं वाटतं. पुढे त्या या सगळ्यातून बाजूला झाल्या, कोकणात पालशेतला राहिल्या, 1951 मध्ये गेल्या.

माझी संहिता सव्वा तासाची आहे. सहा पात्रं, सगळी मीच करते. घरगुती वाचन केलं तेव्हा दोघी-तिघींच्या डोळ्यांत पाणी आलं. पण तालमीत उभी राहिले की सगळं सपाट होतं. एका मैत्रिणीने स्पष्टच सांगितलं, "हे उत्तम व्याख्यान आहे." कुठे अडकतंय ते कळत नाही.

दुसरी काळजी जरा स्वार्थी आहे. 'आता ती तिचं तिचं करते' असा शिक्का बसला की चार माणसांच्या नाटकात कुणी बोलवत नाही, असं ऐकलंय. ज्या बायका लिहितात आणि एकट्या करतात, त्यांचं पुढे काय होतं? इथे कुणी या वाटेने गेलेलं असेल तर मोकळेपणाने सांगा.

विंगेतून

रंगवेल, मी स्वतः लिहिलेली एकपात्री करत आलेय, त्यातल्या एकीबरोबर तर म्हातारी होत चाललेय. म्हणून जरा लांब लिहिते.

व्याख्यान का होतं? तुझी हिराबाई कुणाशी बोलतेय हे ठरलेलं नाही म्हणून. 'प्रेक्षकांशी' हे उत्तर मी धरत नाही. प्रेक्षक म्हणजे कोण? नाटक कंपनीचे मालक? पालशेतच्या शेजारणी? की 1933 नंतरची एखादी तरुण नटी? त्या वर्षी नाट्यमन्वंतर या संस्थेच्या 'आंधळ्यांची शाळा' नाटकात बायकांची कामं बायकांनीच केली आणि वारं फिरलं. तेव्हा हिराबाई पन्नाशीच्या उंबरठ्यावर होत्या, हयात होत्या. अशी एखादी मुलगी पालशेतच्या ओटीवर येऊन बसलीय आणि बाई तिच्याशी बोलतायत असं एकदा ठरव, मग बघ काय होतं. अर्धी माहिती आपोआप गळून पडेल, कारण त्या मुलीला 'जयद्रथ विडंबन' आणि 'दामिनी'ची सालं सांगायची गरज नाही. तिला काय सांगायचं, काय लपवायचं, कुठे तिचा हेवा वाटतो, हे सगळं अंगात येतं. समोर माणूस असल्याशिवाय नट खोटं बोलू शकत नाही, आणि पात्र कुठेच खोटं बोलत नसेल तर करायला काही उरत नाही.

सुषमा देशपांडे यांचं 'व्हय मी सावित्रीबाई' बघ. 1989 पासूनचं ते काम. नावातच कुणीतरी विचारलंय आणि बाई उत्तर देतेय. ती सावित्री थेट समोरच्यांशी बोलते, आणि तो प्रयोग गावोगावी, जिथे बायका जमतील तिथे झालाय. शाळा, शेणगोळे, प्लेग हे सगळं आपल्याला पाठ असतं. तरी ऐकावंसं वाटतं, कारण त्या घटकेला ती आपल्याकडून काहीतरी मागत असते.

आता तुझी सहा पात्रं. मी धरून चालते की त्यातली बहुतेक पुरुष आहेत, आणि कोल्हटकर, गडकरी, बालकवी हे तेव्हाचे नाटककार-कवी त्यात आहेतच. या मंडळींची हिराबाईंकडे ऊठबस होती, सगळं खरं. पण हाच सापळा आहे गं. मोठी नावं दारातून आत आली की नाटक त्यांचं होतं आणि हिराबाई चहा विचारणारी साक्षीदार होते. प्रेक्षक गडकऱ्यांची लकब ओळखून टाळी देतो, तुला वाटतं प्रवेश रंगला. माझ्या मते त्यांच्यातला एकही आवाज तू काढू नकोस. ते बोलतात तेव्हा आपण हिराबाईंचा ऐकणारा चेहरा बघूया. नजर कुठे ठेवतेस, किती उंचीवर ठेवतेस, ऐकताना हातातलं काम थांबतं की चालू राहतं, एवढ्यावर समोर माणूस उभा राहतो. लक्ष्मण देशपांडे 'वऱ्हाड निघालंय लंडनला' या एकपात्रीत बावन्न पात्रं करायचे, ते वेगळं शास्त्र होतं. तिथे मान वळली की माणूस बदलायचा आणि गंमत त्या वेगातच होती. एका बाईच्या आयुष्याला तो वेग लावलास तर ती बाईच हातातून निसटेल.

लिहिणारी आणि करणारी एकच असली की आणखी एक अडचण येते. लेखिकेला वाक्यं आवडतात. नटीला श्वास लागतो. मी संहिता टेबलावर पूर्ण करतच नाही. प्रसंग मनात घेऊन उभी राहते, बोलते, फोनवर रेकॉर्ड करते आणि मग त्यातलं उतरवून काढते. पल्लेदार वाक्य तिसऱ्यांदा उभं राहून बोलताना तोंडात अडकलं तर ते कागदाचं होतं, रंगमंचाचं नव्हतं. पाणी कुठे प्यायचं हेसुद्धा संहितेत लिही. सव्वा तास एकटीने बोलायचं तर तांब्या-भांडं नेपथ्यात हवंच, आणि ते उचलायला पात्राकडे कारण हवं.

दिग्दर्शक दुसरा घे. यावर मी तडजोड करत नाही. बाहेरचा डोळा नसेल तर आपण आपल्याच आवाजाच्या प्रेमात पडतो. संहितेला कात्री लावायची हिंमत असलेलं कुणीतरी शोध. नाव मोठं नसलं तरी चालेल, पण रोज तालमीला येणारं हवं.

शिक्क्याबद्दल. बसतो, खोटं कशाला सांगू? काही वर्षं मला समूहात कुणी विचारलं नाही. मग ज्यांनी माझं एकटीचं काम पाहिलं त्यांच्याचकडून बोलावणी आली, आणि आधीपेक्षा चांगल्या भूमिकांसाठी आली, कारण मी किती वेळ रंगमंच धरून ठेवू शकते हे त्यांनी पाहिलं होतं. पुन्हा सुषमाताईंचंच उदाहरण घे. सावित्रीबाई, मग तमाशातल्या बायकांवरचं 'तिच्या आईची गोष्ट', संत स्त्रियांवरचं 'बया दार उघड', आणि 2017 च्या 'अज्जी' या हिंदी चित्रपटात मुख्य भूमिका. त्यांच्या नाटकांमागे लोकांत जाऊन केलेला अभ्यास आहे, आणि सावित्रीबाई तर वर्षानुवर्षं चाललंय. दर वर्षी नवं एकपात्री काढायचा सोस मला म्हणूनच पटत नाही. एक काम धर, त्याला तुझ्याबरोबर वाढू दे. चाळिशीत केलेली हिराबाई पन्नाशीत वेगळीच बोलेल.

दौरेकरी

मी प्रकाशयोजना करतो आणि छोट्या गटांचे दौरेही लावून देतो. 'विंगेतून' यांनी लेखन-अभिनयाचं सांगितलंय, मी सामानाचं सांगतो.

एकपात्री चालतं ते वाचनालयांत, महाविद्यालयांत, व्याख्यानमालांत, महिला मंडळांत. तिथे दिवे मंद-प्रखर करणारा डिमर नसतो, विंग नसते, कधी पडदाही नसतो. म्हणून प्रयोगाची रचना पहिल्या दिवसापासून दोन हॅलोजनवर उभी राहील अशीच करा. ब्लॅकआउटवर प्रवेश संपत असेल तर तो प्रवेश लिहिण्यातच अपुरा राहिलाय असं समजा. मोठ्या नाट्यगृहात चार स्पॉट जास्त मिळाले तर मी आनंदाने लावीन, पण नाटक त्यांच्यावर टेकलेलं नको. सगळं सामान एका बॅगेत बसलं पाहिजे आणि ती बॅग एसटीत मांडीवर घेता आली पाहिजे.

ध्वनीसाठी सोबत कुणी नसेल तर रेकॉर्ड केलेलं संगीत टाळा. हिराबाईंची पदं तुम्ही स्वतः म्हणा, साथीला पेटीसुद्धा नको. पेनड्राइव्ह न चालल्यामुळे थांबलेला प्रयोग परत पकडणं फार अवघड जातं. कॉलर माइकचा खर्रखर्र आवाज येऊ नये म्हणून कॉटनची साडी आणि पदर घट्ट पिन केलेला हवा, हे मी प्रत्येक अभिनेत्रीला सांगतो.

आणि पन्नास मिनिटांची एक आवृत्ती तयार ठेवा. आधी सत्कार, मग प्रास्ताविक, मग आभार, आणि तुमच्या वाट्याला तेवढाच वेळ, असं होतंच. नाईट, म्हणजे प्रयोगाचं मानधन, किती घेणार ते फोनवरच बोला, सोबत येणाऱ्या तंत्रज्ञाचीही वेगळी सांगा. आयोजक चांगले असतात हो, पण एकटं माणूस म्हणजे खर्च नाही असं त्यांना मनापासून वाटतं.

शिरपेच

कागदपत्रांचं मी सांगते. महाराष्ट्रात जाहीर प्रयोगाआधी संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे तपासायला द्यावी लागते. एकपात्री असलं तरी नाटकच आहे, 'फक्त मीच तर आहे' म्हणून सोडून देऊ नका. प्रमाणपत्र हातात असलं की नाट्यगृहाच्या तारखा मागताना प्रश्न येत नाही.

हिराबाईंचं लेखन वापरायला अडचण नाही. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षं हक्क राहतो. त्या 1951 मध्ये गेल्या, म्हणजे 2012 पासून त्यांची नाटकं आणि पदं खुली आहेत. त्यांच्या आयुष्यावर नंतर लिहिली गेलेली नाटकं आणि चरित्रं मात्र हक्काखाली आहेत. वसंत कानेटकरांचं 'कस्तुरीमृग' हे त्यातलं सगळ्यांना आठवणारं. आयुष्यातल्या घटना कुणाच्या मालकीच्या नसतात, पण त्या नाटकातला एखादा कल्पित प्रसंग किंवा संवाद नकळत तुमच्या संहितेत आला नाही ना, हे एकदा दोन्ही शेजारी ठेवून तपासा.

तुमची संहिता तुमची आहे. लिहून झाली की हक्क आपोआप तुमचा. तरीही दिग्दर्शक आणि संस्थेशी लेखी करार करा. लेखिकेचं मानधन वेगळं आणि अभिनेत्रीचं वेगळं लिहा. दोन्ही कामं एकच बाई करते म्हणून एकच पाकीट देतात, हे मी फार वेळा पाहिलंय.

रंगवेल

काय बोलू! काल रात्री तुम्हा सगळ्यांचं पुन्हा पुन्हा वाचलं.

'विंगेतून' ताई, सहापैकी चार पुरुष आहेत आणि तुम्ही घेतलेली तिन्ही नावं त्यात आहेत. आज सकाळी चौघांचेही संवाद काढून टाकले आणि फक्त हिराबाईंची उत्तरं ठेवून बोलून पाहिलं. बालकवींच्या प्रसंगात मला पहिल्यांदा मध्येच थांबावंसं वाटलं, म्हणजे तसं लिहिलेलं नव्हतं, पण थांबले. पालशेतच्या ओटीवरची मुलगी मात्र अजून दिसत नाहीये. ती आली कशाला, हेच मला माहीत नाही.

दौरेकरी, बॅगेचं मान्य. माझ्या नेपथ्यात झोपाळा होता, तो गेला. शिरपेच, 'कस्तुरीमृग' शेजारी ठेवून तपासते या आठवड्यात.

अजून एक विचारायचं राहिलं. हे पुढे दुसऱ्या कुणी केलं तर? आपण लिहिलेलं आपल्याच शरीरावर बेतलेलं असतं ना?

विंगेतून

असतं. तरीही दे. 'व्हय मी सावित्रीबाई' पुढे दुसऱ्या अभिनेत्रींनीही केलं, आणि ते तसं करता येतं हीच त्या लेखनाची ताकद आहे. माझं एक मी माझ्याहून खूप लहान मुलीला दिलं. तिने माझी एकही जागा घेतली नाही. पहिल्या तालमीत मला झोंबलं, नंतर माझ्याच वाक्यांत मला न दिसलेलं दिसलं. पण आधी तू स्वतः भरपूर प्रयोग कर. संहिता प्रयोगांमधूनच पक्की होते, त्याआधी दिलीस तर तिला कच्चं हाती लागेल.

ती मुलगी कशाला आली ते मी सांगणार नाही, ते तुलाच सापडायला हवं. एवढंच बघ, की तिला काहीतरी हवंय आणि हिराबाईंना ते द्यायचं नाहीये. पहिली दहा पानं नव्याने लिहिलीस की मला व्यक्तिगत निरोपातून पाठव. वाचून नको, उभी राहून केलेलं रेकॉर्डिंगच पाठव.