ठरवून केलेल्या ऑपरेशनला रक्ताच्या 'दोन बाटल्या' लागतातच का?

माळावरची_सायली
आईचं पिशवीचं ऑपरेशन होतं. गाठींमुळे तीन वर्षं अंगावरून जायचं, एचबी (रक्तातलं हिमोग्लोबिन) ८.२. तारीख तीन आठवडे आधी ठरलेली. त्या तीन आठवड्यांत लोहाची साधी गोळीसुद्धा कुणी लिहून दिली नाही. आदल्या संध्याकाळी मात्र फर्मान: "दोन बाटल्यांची सोय करा, भुलेचे डॉक्टर दहाच्या खाली घेत नाहीत." मामेभाऊ रात्री नऊला थर्माकोलचा डबा मांडीवर घेऊन रिक्षातून आला. दोन्ही चढवल्या. ऑपरेशन नीट पार पडलं, त्याबद्दल तक्रार नाही.

नंतर वाचत बसले. हा 'दहा'चा नियम १९४२ सालच्या एका सल्ल्यातून आलाय! १९९९ मध्ये कॅनडात आयसीयूतल्या ८३८ रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. निम्म्यांना एचबी १० च्या खाली गेल्यावर रक्त, निम्म्यांना ७ च्या खाली गेल्यावरच. थांबून रक्त दिलेल्यांत मृत्यू जास्त झाले नाहीत.

माझं मत स्पष्ट आहे. ठरवून केलेल्या बऱ्याच ऑपरेशनांत परक्याचं रक्त चढतं ते आधीच्या महिनाभराच्या आळसामुळे.

वाटाड्या
+१. अमेरिकेत ह्यूस्टनच्या डेंटन कूली या हृदयाच्या सर्जनने 'यहोवाचे साक्षीदार' या ख्रिस्ती पंथाच्या लोकांवर रक्ताशिवाय हृदयाची ऑपरेशनं केली. हे लोक धर्मश्रद्धेमुळे रक्त घेत नाहीत. १९७७ मध्ये त्यांनी ५४२ रुग्णांचा अनुभव छापला. हृदयाचं जमतं तर पिशवीचं का नाही?

तिरपागडा
वाटाड्या, पुढचं पण सांगा की. त्या ५४२ पैकी साधारण ९ टक्के महिन्याभरात गेले, आणि त्यातले काही थेट रक्तस्रावाने. काळ जुना होता, मान्य. पण 'जमलं' म्हणताना हेही मोजायचं.

सिस्टर_बावीसवर्षं
शीर्षक वाचूनच पोटात गोळा आला. तालुक्याच्या लेबर रूममध्ये बावीस वर्षं काढलीत मी. भरल्या दिवसांत गर्भाशयातून मिनिटाला अर्धा लिटरहून जास्त रक्त वाहतं. वार पडल्यावर पिशवी आवळली नाही तर चादर भिजून खाली टपटप ऐकू येतं. ट्रॅनेक्सा (रक्तस्राव कमी करणारं औषध) देतो, मसाज करतो, आतून दाबायला पिशवीत फुगा घालतो. तरी काही बायका रक्तानेच वाचतात, आणि ते चाळीस किलोमीटरवर असतं. असले धागे वाचून नातेवाईक सहीला अडून बसले तर जबाबदार कोण?

माळावरची_सायली
ताई, 'ठरवून केलेल्या' हा शब्द मुद्दाम घातलाय. बाळंतपणातल्या रक्तस्रावाबद्दल चकार शब्द नाही.

सिस्टर_बावीसवर्षं
तुम्ही घातलात हो. वाचणारे गाळतात.

भूलवाला
शिव्या आमच्या जमातीला पडल्यात, म्हणून बोलतो. पेशंट मला आदल्या संध्याकाळी दिसतो. तेव्हा ८.२ बघून मी लोह देऊन काय करू? गोळीला आठवडे लागतात. शिरेतून लोह दिलं तरी एचबी चढायला दोन-तीन आठवडे हवेत. म्हणजे सायलीताईंच्या आईला तारीख ठरली त्याच दिवशी सलाईनमधून दिलं असतं तर वेळ अगदी पुरेसा होता. तो निर्णय ओपीडीत व्हायला हवा, माझ्या टेबलावर नाही.

आणि ७ चा आकडा सगळ्यांना लावू नका. हृदयरोग्यांना आम्ही ८ धरतो, ताज्या हार्ट अटॅकमध्ये त्याहून वरच्या आकड्यालाही रक्त देतो.

पिशवी_क्र_३५०
रक्तपेढीत काम करतो. मे महिन्यात कॉलेजं बंद, शिबिरं बंद, फ्रीज रिकामा. तेव्हा थॅलेसेमियाची (जन्मजात रक्तविकाराची) पोरं दर दोन-तीन आठवड्यांनी येतातच, त्यांना पर्याय नाही. त्यामुळे सायलीताईंशी मी सहमत, पण कारण उलटं. वाचलेली रक्ताची पिशवी त्या पोरांना मिळते. फक्त 'परक्याचं रक्त' असं म्हणू नका हो. ऐकून दाते बिचकतात.

माळावरची_सायली
शब्द चुकला. मान्य.

तिरपागडा
आणि आईबापांनी श्रद्धेपायी लहान मुलाचं रक्त नाकारलं तर? मोठ्या माणसाने स्वतःपुरतं नाकारावं, शुद्धीत लिहून द्यावं, मला चालेल. मुलाच्या वतीने नाही.

वाटाड्या
इथे तुमच्याशी वाद नाही.

गवतीचहा
मधेच घुसतेय. सासूबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन पाच आठवड्यांवर, वय ६८, एचबी ९.४. हॉस्पिटलने "एक बाटली बघून ठेवा" एवढंच सांगितलंय. काय विचारू?

भूलवाला
उद्याच फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी-१२ आणि किडनीची तपासणी करता येईल का ते विचारा. लोह कमी निघालं तर शिरेतून द्यायचं का, हेही. ऑपरेशनात ट्रॅनेक्सा देणार का? पण त्याआधी एक गोष्ट. ६८ व्या वर्षी पाळी नाही, मग रक्त जातंय कुठे? गुडघ्यासाठी रोज पेनकिलर घेतात का त्या?

गवतीचहा
दोन वर्षं. रोज दोन. उपाशीपोटी.

भूलवाला
मग रक्त पोटातून जात असू शकतं. गुडघा थांबू दे. आधी पोटाचे डॉक्टर.