ॲक्सेसचा डेटाबेस ऑफिसच्या सर्व्हरला जोडायचाय, सल्ला हवा

नोंदवही
नमस्कार मंडळी. आमच्या ऑफिसात साठ्याच्या आणि आवक-जावकीच्या नोंदी मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसमध्ये ठेवतात. टेबलं, फॉर्म, रिपोर्ट सगळं एकाच फाइलमध्ये, आणि ती फाइल एका पीसीवरच्या शेअर केलेल्या फोल्डरात. आठ जण ती तिथूनच उघडतात, त्यातले दोघे वायफायवर. कामाच्या गर्दीत फॉर्म उघडायला फार वेळ लागतो. मधूनच 'अनरेकग्नाइज्ड डेटाबेस फॉरमॅट' असा एरर येतो, की सगळ्यांनी बाहेर पडायचं, 'कॉम्पॅक्ट अँड रिपेअर' करायचं आणि पुन्हा कामाला लागायचं. आता विंडोज सर्व्हर आलाय. फाइल नुसती त्यावर हलवली तर भागेल का? क्वेऱ्या आणि थोडंफार व्हीबीए (ॲक्सेसमधली प्रोग्रॅमिंगची भाषा) येतं मला, सर्व्हरचं काम मात्र नवीन आहे.

पायवाट
नुसती हलवून भागणार नाही. फाइल सर्व्हरवर गेली तरी क्वेरी चालते ती प्रत्येकाच्या पीसीवरच्या ॲक्सेसमध्येच. सर्व्हर फक्त फाइलचे तुकडे नेटवर्कवरून पुरवत राहतो. त्यात कुणाचं लिहिणं चालू असताना जोडणी तुटली, की फाइल अर्धवट अवस्थेत राहते. तुमच्या एररचं मूळ बहुतेक तिथेच आहे, म्हणून त्या दोघांना आधी केबल द्या. व्हीपीएनवरून, म्हणजे बाहेरून इंटरनेटवाटे, तर ही फाइल कुणालाच उघडू देऊ नका.

मग डेटाबेस दोन भागांत करा. आधी फाइलची कॉपी काढून ठेवा. 'डेटाबेस टूल्स' टॅबवर 'ॲक्सेस डेटाबेस' नावाचं बटण आहे, त्याने टेबलं वेगळ्या फाइलमध्ये जातात. ती झाली बॅक-एंड, ती सर्व्हरवर. फॉर्म-रिपोर्टवाल्या फ्रंट-एंडची वेगळी कॉपी प्रत्येकाच्या पीसीवर. सगळ्यांनी एकच फ्रंट-एंड सर्व्हरवरून उघडायची सवय ऑफिसा-ऑफिसात दिसते, ती मोडाच.

टेबलं लिंक करताना झेड ड्राइव्ह वगैरे वापरू नका, \\सर्व्हर\फोल्डर असा पूर्ण पाथ द्या. ड्राइव्हचं अक्षर प्रत्येक पीसीवर सारखं असेलच असं नाही. आणि त्या फोल्डरवर सगळ्यांना 'मॉडिफाय' परवानगी हवी. बॅक-एंडशेजारी लॉक फाइल तयार होते आणि शेवटचा माणूस बाहेर पडला की पुसली जाते. ती बनवायची-पुसायची परवानगी नसेल तर एकत्र काम करता येत नाही.

तळमजला
पायवाट यांच्याशी सहमत, पण इथेच थांबू नका. साठ्याच्या नोंदी वाढतच जातात आणि ॲक्सेसच्या फाइलला २ जीबीची मर्यादा आहे. एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेस हा मायक्रोसॉफ्टचा डेटाबेस सर्व्हर फुकट आहे. २०२२ च्या आवृत्तीत एका डेटाबेसला १० जीबीपर्यंत जागा मिळते. टेबलं तिकडे न्यायला मायक्रोसॉफ्टचं 'मायग्रेशन असिस्टंट फॉर ॲक्सेस' आहे, तेही फुकट. फॉर्म आहेत तसे राहतात, फक्त लिंका बदलतात. मुख्य म्हणजे कुणाचा लॅपटॉप मध्येच बंद पडला तरी अर्धवट व्यवहार सर्व्हर स्वतः मागे फिरवतो.

पायवाट
हो, शेवटी तिकडेच जायचंय. पण आधी दोन भाग करा, त्यावर काही दिवस काम चालू द्या, मग हलवा. दोन्ही बदल एकदम केले तर बिघाड नेमका कुठला हे शोधताना जीव जातो.

नोंदवही
खूप आभार! दोन भाग केले, केबल टाकली, फाइल बिघडणं थांबलं. आता टेस्ट कॉपीवर एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेस लावून बघतेय. सर्व्हरवर बसून जोडणी होते, बाकी पीसींवरून 'सर्व्हर सापडत नाही' असं येतं. पिंग मात्र होतोय.

तळमजला
एक्सप्रेसमध्ये टीसीपी/आयपी, म्हणजे नेटवर्कवरून जोडणी घेण्याची सोय, सुरुवातीला बंद असतं. सर्व्हरवर 'एसक्यूएल सर्व्हर कॉन्फिगरेशन मॅनेजर' उघडा, 'प्रोटोकॉल्स'मध्ये टीसीपी/आयपी 'एनेबल' करा. त्याच्याच प्रॉपर्टीजमध्ये 'आयपी ॲड्रेसेस' टॅबवर अगदी खाली 'आयपी ऑल' आहे. तिथे 'डायनॅमिक पोर्ट्स' रिकामं ठेवा आणि 'टीसीपी पोर्ट'मध्ये १४३३ लिहा. सर्व्हिस रीस्टार्ट करा, त्याशिवाय बदल लागू होत नाही. फायरवॉलमध्ये टीसीपी १४३३ उघडा, पण फक्त ऑफिसच्या नेटवर्कसाठी. इंटरनेटवरून हा पोर्ट कधीही उघडा ठेवू नका. जोडताना सर्व्हरचं नाव, स्वल्पविराम, १४३३ असं लिहा.

ॲक्सेसला सर्व्हरशी बोलता यावं म्हणून प्रत्येक पीसीवर ओडीबीसी ड्रायव्हर लागेल. ३२ बिट ऑफिस असेल तर डीएसएनही (जोडणीची साठवलेली माहिती) ओडीबीसीच्या ३२ बिटवाल्या खिडकीतच बनवा, ६४ बिटमध्ये बनवलेला सिस्टिम डीएसएन ॲक्सेसला दिसणार नाही. यात भलेभले अडकतात.

नोंदवही
जमलं! पण ड्रायव्हर १८ टाकलेल्या पीसींवर सर्टिफिकेटवर विश्वास नाही असा एरर येतोय, १७ वाल्यांवर नाही. शिवाय दोन टेबलं उघडतात पण त्यात काही लिहिता येत नाही.

तळमजला
१८ पासून एन्क्रिप्शन आपोआप चालू असतं, म्हणून तो सर्टिफिकेट तपासतो. डीएसएन बनवताना 'ट्रस्ट सर्व्हर सर्टिफिकेट'वर टिक केलीत की चालेल, पण ती तात्पुरती सोय समजा. सर्व्हरला रीतसर सर्टिफिकेट बसवून घ्या.

पायवाट
त्या दोन टेबलांना प्रायमरी की, म्हणजे प्रत्येक ओळीची वेगळी ओळख सांगणारा कॉलम, नसणार. की नसली तर नेमकी कुठली ओळ बदलायची हे ॲक्सेसला कळत नाही, म्हणून ते फक्त वाचू देतं. की द्या आणि लिंक पुन्हा करा. हो-नाही प्रकारचे कॉलम असतील तर त्यांना सर्व्हरवर डिफॉल्ट ० द्या आणि आधीचे रिकामे रकाने ० ने भरा. नाहीतर एकटेच काम करत असाल तरी 'दुसऱ्या कुणीतरी ही नोंद बदलली' असा 'राइट कॉन्फ्लिक्ट' येईल.

फॉर्म अजूनही सावकाश उघडत असतील तर त्यांच्या क्वेऱ्या बघा. अटीत स्वतः लिहिलेलं व्हीबीए फंक्शन असेल तर सर्व्हरला ते समजत नाही आणि ॲक्सेस अख्खं टेबल ओढून आणतं. फॉर्म उघडताना एकच नोंद किंवा एकाच महिन्याच्या नोंदी मागवा, फरक लगेच दिसेल.

नोंदवही
दोन्ही टेबलं आता चालताहेत. बॅकअपचं कसं करू? आधी रोज फाइल कॉपी करायचे.

तळमजला
सर्व्हिस चालू असताना डेटाबेसच्या फाइली तशा कॉपी होणार नाहीत, 'बॅकअप डेटाबेस' हीच कमांड वापरायची. एक्सप्रेसमध्ये वेळापत्रक लावणारा एजंट मिळत नाही, म्हणून ती एसक्यूएलसीएमडी या कमांड-लाइन टूलच्या बॅच फाइलमध्ये टाका आणि विंडोजच्या टास्क शेड्युलरवर रोज रात्रीची वेळ लावा. तयार झालेली फाइल दुसऱ्या मशीनवर जाऊ द्या. आणि खरा डेटा हलवण्याआधी असा एक बॅकअप वेगळ्या नावाने रिस्टोअर करून, त्यातल्या नोंदी उघडून बघा.