रोजच्या आकड्याचा जाब रोज विचारणं बंद व्हायला हवं

धागाकर्ता

परफॉर्मन्स मार्केटिंगमध्ये (म्हणजे ज्या ऑनलाइन जाहिरातींचा निकाल थेट आकड्यांत मोजतात त्यांत), विशेषतः एजन्सीत काम करणाऱ्यांसाठी हा धागा आहे. या क्षेत्रातल्या ताणावर सुट्टी घ्या, श्वासाचे व्यायाम करा, फोन लांब ठेवा असे सल्ले मिळतात. माझ्या मते त्याने फार फरक पडत नाही, कारण काम मोजण्याच्या पद्धतीतच ताणाचं मूळ आहे.

समजा एका कॅम्पेनला दिवसाला सरासरी २० कन्व्हर्जन (जाहिरात बघून झालेली खरेदी किंवा नोंदणी) येतात. काहीही बिघडलेलं नसताना, निव्वळ योगायोगाने एखाद्या दिवशी १५ आणि एखाद्या दिवशी २५ येणं अगदी नेहमीचं आहे. खर्च तेवढाच असेल तर १५ च्या दिवशी सीपीए (एका कन्व्हर्जनमागचा खर्च) ३३ टक्क्यांनी वाढलेला दिसतो आणि २५ च्या दिवशी २० टक्क्यांनी उतरलेला. पहिल्या दिवशी खुलासा मागतात, दुसऱ्या दिवशी शाबासकी देतात. आपण दोन्ही दिवशी केलेलं काम एकच.

मग खुलासा द्यायचा म्हणून माणूस काहीतरी बदलतो. बिड (लिलावातली बोली) हलवतो, ऑडियन्स (जाहिरात कुणाला दाखवायची तो गट) छाटतो, चांगलं चाललेलं क्रिएटिव्ह (प्रत्यक्ष जाहिरात) काढतो. मेटावर (फेसबुक-इन्स्टाग्रामवर) ॲड सेटला, म्हणजे जाहिरातींच्या गटाला, लर्निंग फेजमधून (सिस्टीम शिकत असतानाच्या टप्प्यातून) बाहेर पडायला आठवड्याला साधारण ५० इव्हेंट, म्हणजे कन्व्हर्जन, लागतात, आणि मोठा बदल केला की ते चक्र पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे घाबरून केलेल्या दुरुस्तीनेच कॅम्पेन बिघडतं.

कामाच्या ताणाचे अभ्यासक रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ मध्येच मांडलं होतं की मागणी जास्त आणि हातात नियंत्रण कमी, अशा कामात माणूस सर्वाधिक पिचतो. आपलं काम नेमकं तसंच आहे. जाहिरातीच्या जागेच्या लिलावात समोरचा किती बोली लावेल, क्लायंटचं लँडिंग पेज (जाहिरातीवर क्लिक केल्यावर उघडणारं पान) किती हळू उघडेल, माल स्टॉकमध्ये आहे का, यातलं काहीही आपल्या हातात नाही. म्हणून म्हणतो, रोजचा रिपोर्ट बंद करा. आठवड्याचा आकडा बघा, आणि कॅम्पेनला हात कधी लावायचा हे सुरू होण्याआधीच लिहून ठेवा.

जाहिरातदार

मी पैसे देणाऱ्या बाजूचा आहे आणि मला हे अजिबात पटत नाही. पेमेंट पेज बंद पडलं, ट्रॅकिंग कोड उडाला, बजेटमध्ये एक शून्य जास्त पडलं, तर मी आठवडाभर वाट बघायची? गूगल ॲड्स एका दिवसात रोजच्या सरासरी बजेटच्या दुप्पट खर्च करू शकतं. महिन्याची मर्यादा पाळली जाते हे मान्य, पण तोवर माझी झोप उडालेली असते त्याचं काय?

आणि एक बोलायलाच हवं. 'इथे पैशापैशाचा हिशोब मिळतो' हे आम्हाला तुमच्याच क्षेत्राने सांगितलं. त्याच भरवशावर आम्ही बाकीच्या माध्यमांतलं बजेट काढून इकडे आणलं. आता आम्ही हिशोब मागितला तर तो ताण कसा होतो?

धागाकर्ता

बिघाड आणि कामगिरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बिघाडासाठी अलर्ट लावा, दर तासाला लावा, माझी हरकत नाही. हरकत आहे ती कालच्या सीपीएवरून माणसाची लायकी ठरवण्याला.

अकाउंट मॅनेजर

धागाकर्त्याशीही माझा मतभेद आहे. आठवड्याचा आकडा तरी पक्का असतो हे कुणी सांगितलं? लुईस आणि राव या संशोधकांनी २०१५ मध्ये २५ मोठ्या जाहिरात-प्रयोगांचा अभ्यास प्रसिद्ध केला. लाखो ग्राहकांपर्यंत पोचलेल्या जाहिराती असूनही परताव्याचा अंदाज इतका सैल निघाला की फायदा की तोटा हे ठामपणे सांगणंही बहुतेकदा अवघड होतं. ईबे या ऑनलाइन विक्रीच्या साइटने स्वतःच्या नावाच्या शोधावरच्या जाहिराती थांबवून पाहिल्या, तेव्हा जवळजवळ सगळे ग्राहक फुकटच्या निकालांतून येतच राहिले. डॅशबोर्डवर त्याच जाहिराती सर्वात फायद्याच्या दिसल्या असत्या.

एप्रिल २०२१ मध्ये आयफोनचं आयओएस १४.५ आलं आणि ॲपला माग काढायला आधी परवानगी घ्यावी लागू लागली, तेव्हापासून तर बरीच कन्व्हर्जन्स दिसतच नाहीत, प्लॅटफॉर्म अंदाजाने भरतो. एकाच विक्रीचं श्रेय दोन प्लॅटफॉर्म घेतात आणि बेरीज क्लायंटच्या खऱ्या विक्रीपेक्षा जास्त भरते. त्यामुळे पिचमध्ये (काम मिळवण्यासाठी क्लायंटसमोर केलेल्या सादरीकरणात) आरओएएसचा (जाहिरातीवरच्या दर रुपयामागे येणाऱ्या विक्रीचा) एकच आकडा छातीठोकपणे सांगणं बंद करा. पट्टा सांगा: इथपासून इथपर्यंत. जाहिरातदार म्हणतात ते बरोबरच आहे, हे वचन आपणच दिलं.

नवी एक्झिक्युटिव्ह

तुम्ही सगळे ठरवू शकणाऱ्यांच्या जागेवरून बोलताय. टार्गेट पिचमध्ये ठरतं आणि तिथे मी नसते. माझ्या वाट्याला रात्री अकराचा व्हॉट्सॲप मेसेज येतो: डॅशबोर्डचा स्क्रीनशॉट, लाल बाणाभोवती गोल, खाली 'हे बघितलंस का?' सकाळपर्यंत निम्मी कन्व्हर्जन्स उशिरा नोंदली जाऊन तो बाण हिरवा झालेला असतो. माझी रात्र मात्र गेलेली असते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची (कामाच्या ताणाने पुरतं थकून जाण्याची) नोंद केली ती कामाच्या जागेशी निगडित स्थिती म्हणून. आम्हाला मात्र 'जरा कणखर हो' एवढंच सांगतात.

जुना मीडिया बायर

मी थोडा उलट सूर लावतो. मला हा दबाव आवडतो. इतर नोकऱ्यांत वर्षाच्या शेवटी साहेबाच्या मर्जीवर मूल्यमापन होतं. इथे नवशिक्याचं क्रिएटिव्ह सीनियरच्या क्रिएटिव्हला हरवतं आणि ते सगळ्यांना दिसतं. हा न्याय मला दुसरीकडे मिळाला नाही. आकडा काढून घेतलात तर पुन्हा गोड बोलणारेच वर जातील.

नव्या मुलीला एकच सांगेन, चेंज लॉग ठेव. काय बदललं, का बदललं, निकाल कुठल्या तारखेला बघणार. 'काय झालं?' विचारलं की तो पुढे करायचा. 'बुधवारी बिड बदलली, सोमवारी बघू' हे वाक्य लेखी असलं की बोलताना आवाज कापत नाही.

नवी एक्झिक्युटिव्ह

लॉग मी ठेवते. तो वाचणारा वर कुणी असेल तरच उपयोग. सोमवार यायच्या आत शुक्रवारी वरून फोन येतो, 'परत आधीसारखं कर.'

जाहिरातदार

अलर्टची यादी, आकड्याचा पट्टा आणि निकालाची तारीख हे तिन्ही मला आधी लेखी मिळालं, तर सोमवारपर्यंत थांबायला मी तयार आहे. डॅशबोर्ड मात्र मी रोज उघडणार. पैसे माझे आहेत.

अकाउंट मॅनेजर

उघडा की, पण प्रश्न माझ्याकडे येऊ द्या, एक्झिक्युटिव्हच्या ग्रुपवर नको. रात्री उत्तर द्यायची जबाबदारी ज्याने टार्गेट कबूल केलं त्याची. आमच्या टीममध्ये क्लायंटच्या ग्रुपवर एक्झिक्युटिव्हला ठेवतच नाही. त्यावरून वरच्यांशी अजून भांडण चालू आहे.