मदत हवी आहे : ‘सार्जंट स्टबी’ सहा वर्षांच्या मुलीला दाखवावा का?

पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या १०२व्या पायदळ रेजिमेंटबरोबर फ्रान्सच्या खंदकांत राहिलेल्या आणि विषारी वायूचा वास आधीच ओळखून सैनिकांना सावध करणाऱ्या स्टबी या कुत्र्यावरचा २०१८ सालचा अ‍ॅनिमेशनपट मला भाचीला दाखवायचा आहे. झलक पाहिली, इंग्रजी परीक्षणेही वाचली. कुत्रा माणसासारखा बोलत नाही, हे विशेष भावले. डबिंगची अडचण नाही, कारण शेजारी बसून मी मराठीत सांगत जाईन. मात्र मुक्या प्राण्याला इजा झालेली पाहिली, की तिला रात्री झोप लागत नाही आणि खरा स्टबी तर हातबॉम्बच्या तुकड्यांनी जखमी झाला होता. ज्यांनी चित्रपट पूर्ण पाहिला आहे, त्यांनी कृपया सांगावे : ही जखम, वायुहल्ला आणि सैनिकांचे मृत्यू पडद्यावर कितपत थेट दिसतात, आणि कोणती दृश्ये वगळली तरी कथा तिला समजेल?