विंडोज ११ सोबत उबुंटू: ५१२ जीबी एसएसडीची वाटणी कशी करू?

नमस्कार मंडळी. लॅपटॉपवर विंडोज ११ आहे, सगळी जागा सी ड्राइव्हलाच दिलेली. एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी उबुंटू २४.०४ (लिनक्स) हवंय. विंडोज काढता येणार नाही, भाऊ त्यावरच टॅली चालवतो. उबुंटूला किती जागा देऊ? स्वॅप (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) आणि होम (स्वतःच्या फाइलींचं फोल्डर) वेगळं करायचं का? त्याचा डेटा जाईल याचीच धास्ती वाटते.

प्रतिसाद १
टॅलीचा बॅकअप आधी बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि ती डिस्क काढून ठेवा. मग बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन (डेटा कुलूपबंद करणं), चालू आहे का ते तपासा. बऱ्याच नव्या लॅपटॉपवर एन्क्रिप्शन आपोआप चालू झालेलं असतं आणि घरात कुणाला पत्ताही नसतो. ४८ अंकी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट खात्यातून कागदावर उतरवून घ्या. बूटच्या सेटिंगला हात लागला की विंडोज ती मागू शकतं. ती नसेल तर डिस्क शाबूत असूनही डेटा हाती लागत नाही, म्हणून हे काम उद्यावर टाकू नका.

सी ड्राइव्ह विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधूनच श्रिंक (लहान) करा. सुटलेली जागा अनअलोकेटेड (न वाटलेली) राहू द्या, तिथे डी ड्राइव्ह बनवू नका. ईएफआय पार्टिशन (सिस्टिम सुरू करणाऱ्या फाइलींचा डिस्कवरचा भाग) दोन्ही सिस्टिम मिळून वापरतात. ते चुकूनही फॉरमॅट करू नका.

प्रतिसाद २
उबुंटूला २५ जीबी पुरतात असं म्हणतात, पण प्रोजेक्ट करायचाय तर १०० द्या. स्वॅप पार्टिशन नको, १७.०४ आवृत्तीपासून उबुंटू स्वॅप फाइल वापरतं. होमही वेगळं नको. एकीकडे जागा संपते, दुसरीकडे पडून राहते.

प्रतिसाद ३
होमबाबत असहमत. पुढे उबुंटू नव्याने टाकावं लागलं तर वेगळ्या होममधल्या फाइल जागच्या जागी राहतात.

धागाकर्ती
आभार! की लिहून घेतली, बॅकअपही झाला. पण सी ड्राइव्ह निम्मा रिकामा असूनही श्रिंकला फारच थोडी जागा दिसतेय.

प्रतिसाद १
न हलणाऱ्या फाइल मध्ये बसल्या असणार. हायबरनेशन (चालू काम डिस्कवर ठेवून मशीन बंद करणं), पेजफाइल (विंडोजचा स्वॅप) आणि सिस्टिम रिस्टोर तात्पुरतं बंद करून रीस्टार्ट करा, मग पुन्हा बघा. हायबरनेशन मात्र पुढेही बंदच ठेवा, म्हणजे फास्ट स्टार्टअपही बंद राहील. ते चालू असलं की विंडोज पूर्ण बंद होत नाही आणि उबुंटूतून सी ड्राइव्हवर लिहिता येत नाही.

आणि नंतर विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागे दिसलं तर घाबरू नका. उबुंटू हार्डवेअरच्या घड्याळात यूटीसी (जागतिक प्रमाण) वेळ ठेवतं, विंडोज तीच स्थानिक वेळ समजतं. भावाला आधीच सांगून ठेवा, व्हाउचरवर चुकीची तारीख पडायला नको.